बोक्याला मिळालेलं नाव

पडदा वर जातो तेव्हा समोर बेळगावच्या शहापुरातला एक अरुंद बोळ दिसतो. वेळ सकाळची. उन्हाला नुकती कुठं कौलांमधून खाली उतरायला वाट मिळाली आहे. बोळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सुताचा लांबलचक ताणा पसरलेला, दोन्ही अंगांना माणसं उभी, हातात कुंचे. मडक्यातली खळ सुतावर फिरवत सगळी ओळ एका तालात पुढं जाते, मागं येते. खळ म्हणजे तांदळाची पेज. ती पाजल्याशिवाय सुताला मागावर उभं राहायचं बळ येत नाही, म्हणून विणकर या कामाला पाजणी म्हणतात. पावसाळी हवेत पेजेला बुरशी धरू नये म्हणून तीत चिमूटभर निळं, विषारी मोरचूद टाकलेलं असतं. घराघरांतून मागांचा ठेका येतोय, खट्-खटक, खट्-खटक. असा पक्का ठेका भल्याभल्या तबलजींनाही धरता आला नसता.

आता उजव्या हाताच्या तिसऱ्या घरात या. हे तम्मण्णाचं घर. साल एकोणीसशे बत्तीस, आषाढ संपत आलेला.

जमिनीत खणलेल्या खड्ड्यात पाय सोडून तम्मण्णा मागावर बसला आहे. वय पंचेचाळीस-सेहेचाळीस, अंगानं काटकुळा, कपाळावर तीन ठसठशीत आठ्या. बोळात त्याच्या हाताचं लुगडं ओळखायला काठ बघावा लागत नसे, नुसतं चिमटीत धरलं तरी कळायचं. माणूस कामाचा, निर्व्यसनी, शब्दाचा पक्का. दोष एकच, पण मोठा. तो जळायचा. शेजाऱ्याच्या दारातल्या जास्वंदीला एक फूल जास्त आलं तरी त्याचा दिवस वाईट जायचा.

एकदा बेळगावात नाटक कंपनीचा मुक्काम पडला होता. नायिकेचं काम करणाऱ्या नटानं तम्मण्णाचं अंजिरी लुगडं विकत घेतलं. तम्मण्णा आयुष्यात पहिल्यांदा नाटकाला गेला, तो आपलं लुगडं बघायला. नायिका रंगभूमीवर आली, गायली, लोकांनी टाळ्यांचा पाऊस पाडला, वन्स मोअर घेतला. तम्मण्णा शेजारच्या माणसाला म्हणाला, "बघितलासा? काठ लई उठलाय." शेजारचा म्हणाला, "काठ कुठला? गळा बघा की नायकिणीचा!" झालं. तम्मण्णा मधल्या अंकात उठून घरी आला आणि बायकोला म्हणाला, "लुगडं माझं, टाळ्या त्येला."

बायको म्हणजे बाळाबाई. गोल चेहऱ्याची, हसताना तोंडाला पदर लावणारी. मागाच्या शेजारी रहाट घेऊन ती आडव्या सुताच्या कांड्या भरायची. कांडी संपली की तम्मण्णा हातातला धोटा, म्हणजे कांडी बसवायची लाकडी नाव, मागाच्या लाकडावर दोनदा आपटायचा, टक टक, आणि भरलेली कांडी त्याच्या हातात पडायची. बावीस वर्षं नवरा-बायकोचं बोलणं मुख्यतः असंच चाललं होतं. कधी कधी तो धोटा आपटायच्या आधीच कांडी पुढं यायची, आणि त्या दिवशी तम्मण्णाचं विणणं बघण्यासारखं व्हायचं.

नवऱ्याचं नाव बायकोनं घ्यायचं नाही, हा रिवाज. बाळाबाई त्याला "जयाचं आप्पा" म्हणायची, नाहीतर नुसतं "ऐकलं काय?" लग्नात उखाण्यात तिनं त्याचं नाव एकदा घेतलं होतं म्हणे. पण नेमकी त्याच वेळी सनई-चौघडेवाल्यांनी मोठी उठावणी केली आणि तम्मण्णाला काही ऐकू आलं नाही. बाकी सगळ्या वऱ्हाडानं ऐकलं. त्या वाजंत्र्यांवर त्याचा अजून राग होता.

त्या वैशाखात एकुलती एक लेक जयाबाई नंदगडला नांदायला गेली. तम्मण्णा वर वर रडला, पण आत कुठंतरी त्याला वाटलं, आता घरात आपण दोघंच. आता बाळाबाईचं लक्ष सगळं आपल्याकडं.

आणि मग मांजर मेलं.

विणकराच्या घरी मांजर हे कौतुकानं पाळलेलं जनावर नव्हे. पेज पाजलेल्या सुतावर उंदरांची धाड पडते. एका रात्रीत महिन्याचं काम कुरतडून जातं. म्हणून प्रत्येक घरात मांजर. तम्मण्णाची करडी मांजरी दुपारी रस्ता ओलांडताना खडीच्या बैलगाडीखाली सापडली. तम्मण्णानं तिला परसात पुरलं, हातपाय धुतले आणि मागावर येऊन बसला. पावडीवर पाय ठेवतो तो अंगठ्याला काहीतरी ऊन ऊन लागलं. खड्ड्याच्या कोपऱ्यात, चिंध्यांच्या ढिगात, तीन पिल्लं. चार-पाच दिवसांची, डोळे मिटलेली, कान डोक्याला चिकटलेले. आई येईना म्हणून आता त्याच्या अंगठ्यालाच चोखत होती.

"ऐ!" तो ओरडला. "हिकडं बघ काय झालंय."

बाळाबाई खड्ड्यात उतरली आणि तिन्ही पिल्लं पदरात घेऊन वर आली. त्या क्षणापासून तम्मण्णाच्या घरातला ठेका चुकला.

कांड्यांच्या बुट्टीतल्या कांड्या जमिनीवर आल्या आणि बुट्टीत पिल्लं गेली. खाली जुनं लुगडं, शेजारी राखेत पुरलेल्या निखाऱ्यांची शेगडी. समोरच्या घरातली गुणाबाई शेळी पाळायची. ही विधवा, जिभेनं तिखट, मनानं लोण्यासारखी. तिच्या शेळीचं दूध वाटीत यायचं, बाळाबाई त्यात कापसाचा बोळा बुडवायची आणि एकेकाच्या तोंडात धरायची. दर दोन तासांनी. दूध पाजून झालं की ओलं फडकं घेऊन पिल्लाचं पोट पुसायची.

"हे आणि काय?" तम्मण्णानं विचारलं.

"आईनं चाटल्याबगर त्यास्नी मुतायचं कळत न्हाय."

"म्हंजे आता मुतायला बी माणूस पाहिजे?"

"तुमास्नी बी लहानपणी लागलंच असंल की," ती म्हणाली आणि हसली. पण बघत होती पिल्लाकडं.

काळ्या पिल्लाचं नाव तिनं शामू ठेवलं. पट्ट्यापट्ट्यांच्या बोक्याचं रवळू. तिसरं करडं, अंगानं सगळ्यांत किरकोळ, दूध पितानाही कपाळाला आठ्या. त्याला काय म्हणावं याचा बाळाबाई विचार करत होती, तेवढ्यात गुणाबाईनं ते उचलून उजेडात धरलं आणि बोळाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अगं बया! हे बघ कपाळ! ह्यो तर तम्मण्णा!"

बाळाबाई पदराआड इतकी हसली की तिला ठसका लागला. मागावर बसलेल्या तम्मण्णाच्या हातून धाग्यांची जोडी तुटली.

संध्याकाळपर्यंत नाव बोळभर झालं. पाणी भरायला जाणाऱ्या बाया दारातून विचारायच्या, "तम्मण्णा दूध प्याला काय गं?" "तम्मण्णानं डोळं उघडलं काय?" सगळ्यांच्या तोंडी ते नाव, फक्त बाळाबाईच्या तोंडी नाही. तिला कसं घेता येणार? ती त्याला "धाकटं" म्हणायची. आणि नाव नसलेल्याला जसं सगळीकडं शेवटी मिळतं, तसं धाकट्यालाही दूध शेवटी मिळायचं.

तम्मण्णा खाली मान घालून विणत असे, पण कान बुट्टीकडं. "शाम्या, माझ्या राजा, पी." खट्-खटक. "रवळू, सोन्या माझ्या, हळू रं." खट्-खटक. बावीस वर्षांत एकदाही न ऐकलेलं सगळं त्या बुट्टीत ओतलं जात होतं. पाच दिवसांची पोरं, अजून उंदीर बघितला नाही, आणि राजा! तम्मण्णाच्या पोटात निखारा पडला तो विझेना. जेवताना भाकरी जरा करपली तरी त्याला वाटायचं, ही त्या रवळ्यापायी करपली. आणि ती खरंच रवळ्यापायी करपलेली असायची, हे आणखी वाईट.

सदलग्याच्या एका नवरीचं लुगडं मागावर होतं. कांडी संपली. तम्मण्णानं धोटा आपटला, टक टक. कांडी आली नाही. टक टक टक टक.

"जरा हळू आपटा," आतून आवाज आला. "आत्ताच डोळा लागलाय त्येचा."

"माग हुबा हाय माझा!"

"ऱ्हाऊ दे की घटकाभर."

तम्मण्णा खड्ड्यातून बाहेर आला. "बावीस वर्सं झाली, माग कदी कांडीसाठी थांबला न्हवता. त्या मांजरास्नी राजा म्हणतीस, सोन्या म्हणतीस, नावं घेऊन घेऊन हाका मारतीस. आणि मला?"

बाळाबाईनं रवळूला बुट्टीत ठेवलं. तिचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "तुमी तरी मला कदी हाक मारलायसा? धोटा आपटतायसा. कुत्र्याला बी लोक यू यू करत्यात."

तम्मण्णानं हातातल्या धोट्याकडं बघितलं. आणि नेमका याच वेळी दुधाची वाटी घेऊन दारात उभ्या असलेल्या गुणाबाईचा प्रवेश झाला. "काय रं तम्मण्णा," ती म्हणाली, "तुला बी कापसाच्या बोळ्यानं पाजायचं हाय काय?"

बोळ हसला. तम्मण्णा पुन्हा खड्ड्यात गेला. त्या दिवशी त्यानं कांड्या स्वतः भरल्या, आणि त्या ढिल्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी बाळाबाईला वडगावला भावाच्या घरी बारशाला जायचं होतं. जाताना ती गुणाबाईला सांगून गेली, "चार वाजता तेवढं पाज गं." चार वाजता गुणाबाई वाटी घेऊन आली तेव्हा तम्मण्णा दारातच उभा होता. "ठेव वाटी. मी पाजतो."

"तू?"

"का? त्यात काय मोठी विद्या हाय?"

शामू आणि रवळू पोटं तट्ट फुगवून झोपले होते. धाकटं एकटं बुट्टीच्या कडेला डोकं घासत होतं. तम्मण्णानं त्याला तळहातावर घेतलं. बोट-दीड बोट डोकं, त्यावर आठ्या. आपल्या नावाचं, आणि त्या नावापायीच सगळ्यांच्या मागं राहिलेलं. "शेवटी तुलाच व्हय रं?" तो पुटपुटला. "आज तू पयला."

कापूस कुठं ठेवलाय हे त्याला ठाऊक नव्हतं. घरातलं काय कुठं असतं हे त्याला कधीच ठाऊक नव्हतं. पण मागाच्या खांबाला दोऱ्यांचा झुबका टांगलेला होता. तुटलेला धागा जोडायला विणकर असा झुबका हाताशी ठेवतोच. त्यातले पाच-सहा दोरे त्यानं ओढले, सवयीनं तोंडात धरून ओले केले, पीळ दिला आणि दुधात बुडवले. पाजणी झालेले दोरे होते ते, मोरचुदाचे. बोळातला कुठलाही माणूस ते तोंडात घालून कडू म्हणून थुंकला असता, असं तुम्हाला वाटेल. पण विणकर आयुष्यभर ते दोरे ओठांत धरतो. तम्मण्णाला ते कडू लागायचं बंद होऊन वीस वर्षं झाली होती.

पिल्लानं वात पकडली. अशी पकडली की सोडेना. दोन्ही पंजे तम्मण्णाच्या अंगठ्यावर टेकून ते आळीपाळीनं दाबू लागलं, एक इकडं, एक तिकडं, जणू पावड्यांवर पाय. तम्मण्णा बघत राहिला. आठवडाभर पोटात धुमसणारा निखारा कुठं गेला ते त्याला कळलं नाही. बाळाबाई परत आली की हे तिला दाखवायचं, असं त्यानं ठरवलं. वात तोंडात तशीच ठेवून त्यानं पिल्लू बुट्टीत ठेवलं आणि तो मागावर बसला.

तासाभरानं बघतो तर पिल्लू आडवं. तोंडाला फेस, आणि फेसाला हिरवट निळी झाक.

ती झाक तो ओळखत होता. दर पावसाळ्यात खळीच्या मडक्यात तो ती स्वतःच्या हातानं कालवायचा. त्यानं पिल्लू एका तळहातावर उचललं.

बाळाबाई नुकतीच बारशाहून आली होती, गुणाबाईच्या उंबऱ्यात उभी राहून पोराचं नाव काय ठेवलं ते सांगत होती. तम्मण्णा दारात आला. दुसऱ्या हातात धोटा होता, पण त्यानं तो आपटला नाही.

"बाळाबाई!" तो ओरडला. "बाळाबाई, हिकडं ये गं!"

बोळातले माग एकेक करून थांबले. बावीस वर्षांत त्या दारातून ते नाव कोणी ऐकलं नव्हतं. बाळाबाईला वाटलं घर पेटलं. ती धावत आली.

तम्मण्णानं तळहात पुढं केला. "दोरा माझा हुता," तो म्हणाला. "पाजणीचा. मोरचूद... माझ्या ध्यानात न्हाई आलं गं."

तिनं त्याच्याकडं एकदा बघितलं. रागाला वेळ नव्हता. ओल्या फडक्यानं तिनं पिल्लाचं तोंड पुसून काढलं, गुळाचं कोमट पाणी थेंबथेंब सोडलं, मग शेळीचं दूध थेंबथेंब. निम्मं बाहेर आलं. पुन्हा सोडलं. पिल्लाचं अंग गार पडत चाललं होतं. "बंडीची बटणं काढा," ती म्हणाली, आणि पिल्लू तिनं तम्मण्णाच्या उघड्या छातीशी धरून वरून आपला पदर लपेटला. तम्मण्णा भिंतीला टेकून हलेचना. पिल्लाची मान एका बाजूला कलली.

दारात गर्दी झाली होती. गुणाबाई पुढं आली. आता तिच्या आवाजात थट्टा नव्हती. "हाक मार गं त्येला. नावानं हाक मार. निघालेल्याला नावानं हाक मारली की मागं वळून बघतंय ते."

"तू मार."

"मारली की मी मघाशी. पाजणाऱ्या बाईची हाक पाहिजे त्येला."

"मी कशी मारू? नाव..." बाळाबाईनं तम्मण्णाकडं बघितलं आणि मान खाली घातली.

"मग दुसरं काय म्हणशील? अख्ख्या बोळानं त्येला त्याच एका नावानं हाक मारलीया. जाताना दुसरं नाव त्येला काय कळणार?"

बाळाबाईनं डोक्यावरचा पदर नीट केला. मग ती वाकली, नवऱ्याच्या छातीपाशी तोंड नेलं आणि म्हणाली, "तम्मण्णा."

दारातल्या एकीनं तोंडाला पदर लावला.

"तम्मण्णा! ए तम्मण्णा! ऊठ रं माझ्या राजा. असा टाकून जाऊ नगस मला. तम्मण्णा!"

यावेळी मध्ये चौघडा नव्हता. आधी पिल्लू हललं की आधी छाती हलली, हे बोळातल्या बायांत पुढं कित्येक वर्षं वादाचं राहिलं. गुणाबाई शपथेवर सांगायची की आधी छाती. पण पिल्लू हललं एवढं खरं. त्यानं कपाळाला आठ्या घातल्या आणि तोंड उघडून एक बारीक, चिडका आवाज काढला.

तीन दिवस तम्मण्णानं त्याला बंडीतच ठेवलं आणि तसंच विणलं. झोपमोड नको म्हणून वीण ठोकायच्या फणीचा हात तो हलका मारायचा. सदलग्याच्या त्या नवरीच्या लुगड्यात वीतभर पोत जरा विरळ होता. तम्मण्णाच्या हातच्या लुगड्यातला तो एकुलता एक डाग, आणि तो कशाचा हे नवरीला कधी कळलं नाही.

त्या दिवसापासून धोटा आपटायचं बंद झालं. "बाळाबाई, कांडी," असा आवाज यायचा. आणि बाळाबाई? एकदा मोडलेला रिवाज तिनं मोडला तो फक्त बोक्यापुरता. "तम्मण्णा, ये जेवायला!" ती अंगणातून हाक मारायची. बोका शेपटी उभारून निघायचा, आणि मागावरचा तम्मण्णाही प्रत्येक वेळी अर्धा उठायचा आणि खाली बसायचा. त्याच्याशी बोलताना मात्र "ऐकलं काय?" नाहीतर "जयाचं आप्पा".

"माझं नाव त्यानं नेलं," तो गुणाबाईकडं तक्रार करायचा. "हाक येती, पर माझ्या नावाची, मला न्हाय."

बाळाबाईची तक्रार निराळी होती. "दूध मी घालायचं, आणि बसायला मांडी मात्र त्येंची! मी हाक मारली तर ताटापुरतं येतंय, मग परत मागाच्या खड्ड्यात त्येंच्या पायाशी." ती हे सांगताना हसायची नाही. तीही जळत होती, आणि तम्मण्णाला हे कळल्यावर त्याचं लुगडं दोन दिवस आधी पुरं व्हायचं.

शामू नंदगडला जयाबाईकडं गेला, रवळू वडगावच्या भावाकडं. करडा बोका राहिला. अशी चौदा वर्षं गेली. शेजारच्या गल्लीत विजेवरचे माग आले, त्यांचा ठेका कुणालाच धरता येईना. गुणाबाई गेली. बोक्याचा एक कान फाटला, तम्मण्णाची छाती कफानं भरली.

सेहेचाळीस सालच्या थंडीत तम्मण्णाचं अंथरूण मागाशेजारी टाकलं होतं. पायाशी बोका, म्हातारा, आठ्या तशाच. वेळ पुन्हा सकाळची. बाहेर बोळात पाजणी चाललेली. तम्मण्णानं दोन दिवस डोळे उघडले नव्हते. नंदगडहून आलेली जयाबाई दाराशी रडत होती. श्वास इतका लांब लांब पडू लागला की दोन श्वासांच्या मध्ये माणसं एकमेकांकडं बघायची.

हाक मार म्हणून सांगायला आता गुणाबाई नव्हती. बाळाबाईनं पदर डोक्यावर घेतला आणि ती वाकली.

"तम्मण्णा," ती म्हणाली. "ए तम्मण्णा, माझ्या राजा."

पायाशी झोपलेल्या बोक्यानं डोकं वर केलं. उठला, अंग ताणलं, आणि हाकेच्या रोखानं तम्मण्णाच्या अंगावरून चालत निघाला. तो छातीपर्यंत आला तेव्हा तम्मण्णानं डोळे उघडले. हात उचलून त्यानं बोक्याच्या पाठीवर ठेवला, त्याला तिथंच अडवलं, आणि म्हणाला,

"तू थांब रं. ही हाक माझी हाय."